शंभर युजर्सचा हिरवा रिपोर्ट: फंक्शनल आणि परफॉर्मन्स टेस्टिंगमध्ये नेमकं काय वेगळं असतं

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे पुढचं वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. कॉलेजच्या ऑनलाइन प्रवेशाचं ॲप आहे. अर्ज भरणं, कागदपत्रं अपलोड करणं आणि फी भरणं हे त्याचे मुख्य भाग. फंक्शनल टेस्टिंग तुम्ही पूर्ण केलंय, टेस्ट केसेस पास आहेत. रिलीजला तीन आठवडे उरलेत आणि मॅनेजर म्हणतायत की परफॉर्मन्स टेस्टिंगही करून टाका. तुम्ही जेमीटरमध्ये (एकाच वेळी अनेक नकली युजर्स साइटवर सोडणारं टूल) शंभर युजर्सची स्क्रिप्ट चालवलीत, एकही एरर आली नाही, सरासरी वेळ १८० मिलिसेकंद. आता तुम्हाला तीन गोष्टी हव्यात: या दोन टेस्टिंगमधला फरक, आधी कुठलं करायचं, आणि हा रिपोर्ट पुरेसा आहे का.

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण खरी अडचण तिथेच आहे. हा रिपोर्ट पुरेसा आहे की नाही हे तुम्हालाही सांगता येणार नाही आणि मलाही. १८० मिलिसेकंद चांगले की वाईट, शंभर युजर्स भरपूर की अपुरे, हे ठरवणारा आकडा तुमच्या प्रोजेक्टमध्ये कुठेच लिहिलेला दिसत नाही.

पुस्तकातली व्याख्या तुम्हाला माहीत असेलच. ॲप काय करतं ते तपासणं म्हणजे फंक्शनल, किती जणांसाठी आणि किती वेगाने करतं ते तपासणं म्हणजे परफॉर्मन्स. व्याख्या बरोबर आहे, पण तिच्या जोरावर काम सुरू करता येत नाही. रोजच्या कामात मला फरक जाणवतो तो अपेक्षित निकालाचा. फंक्शनल टेस्ट केस लिहायला बसलात की अपेक्षित निकाल आधीच हातात असतो. फी ४०,००० आणि सवलत ५० टक्के असेल तर स्क्रीनवर २०,००० दिसायला हवेत. दिसले तर पास, नाही दिसले तर बग. परफॉर्मन्सच्या बाबतीत मात्र बहुतेक प्रोजेक्टांवर "साइट फास्ट हवी" यापलीकडे कुणी काही ठरवलेलंच नसतं. त्यामुळे परफॉर्मन्स टेस्टरचं पहिलं काम अपेक्षित निकाल मिळवण्याचं, तोही लेखी. टूल त्यानंतर उघडायचं. हे काम टाळलं की मग कितीही ग्राफ काढा, मीटिंगमध्ये प्रत्येक जण आपापल्या सोयीचा अर्थ लावतो.

तुमच्या ॲपसाठी आकडा कसा काढता येईल ते दाखवते. प्रवेश विभागात जाऊन विचारा की गेल्या वर्षी किती अर्ज आले आणि सगळ्यात जास्त गर्दी कुठल्या दिवशी, कुठल्या तासात होती. जुनी साइट असेल तर तिच्या सर्व्हरचे ॲक्सेस लॉग, म्हणजे कधी कुठलं पान उघडलं गेलं त्याच्या नोंदी, मागा. लॉग नसतील तर फी जमा झाल्याच्या वेळा हिशेब विभागाकडे नक्की असतात, त्याही चालतात. समजा, उत्तर आलं की गर्दीच्या तासात ६,००० विद्यार्थी येतात, प्रत्येक जण साधारण १० मिनिटं साइटवर असतो आणि तेवढ्यात आठ पानं उघडतो. तासाला ६,००० म्हणजे मिनिटाला १०० नवे विद्यार्थी. प्रत्येक जण १० मिनिटं थांबणार, म्हणजे कुठल्याही क्षणी आत साधारण १,००० विद्यार्थी असणार. रांगांच्या गणितातला हा लिटल यांचा नियम. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये त्याची सिद्धता दिली, आणि आमच्या कामात एवढा उपयोगी पडणारा दुसरा नियम नाही. पानांचा हिशेब वेगळा: तासाला ४८,००० पानं, म्हणजे सेकंदाला सुमारे १३.

आता याच्याशेजारी तुमचे शंभर युजर्स ठेवून बघा. स्क्रिप्टमध्ये टायमर, म्हणजे दोन रिक्वेस्टमध्ये थांबायला लावणारी सोय, लावल्याचं तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून नसावेत असं धरते. टायमर नसेल तर प्रत्येक थ्रेड, म्हणजे जेमीटरमधला एक नकली युजर, उत्तर मिळाल्यामिळाल्या पुढची रिक्वेस्ट पाठवतो. १८० मिलिसेकंदांना एक या हिशेबाने शंभर थ्रेड मिळून सेकंदाला साडेपाचशेच्या वर रिक्वेस्ट होतात. म्हणजे रिक्वेस्ट खऱ्या गर्दीच्या चाळीसपट आणि लॉगिन झालेले विद्यार्थी खऱ्या गर्दीच्या दहावा हिस्सा. हा लोड प्रत्यक्षात कधीच येणार नाही, आणि जो येणार आहे तो तपासलाच गेलेला नाही.

त्यात आणखी एक मेख आहे. जेमीटरचा थ्रेड उत्तर येईपर्यंत थांबून राहतो. सर्व्हर मंदावला आणि उत्तराला ५ सेकंद लागायला लागले, तर तेच शंभर थ्रेड सेकंदाला जेमतेम २० रिक्वेस्ट पाठवतात. सर्व्हरला धाप लागली की तुमचं टूलच त्याला विसावा देतं. खरे विद्यार्थी असं करत नाहीत. साइट अडकली की ते रिफ्रेश मारतात, दुसऱ्या मोबाइलवरून उघडतात, मित्राला उघडायला लावतात. म्हणून मी लोड ठरवताना "किती युजर्स" याच्या आधी "सेकंदाला किती नवे येणार" हा आकडा धरते आणि सर्व्हर कितीही मंदावला तरी तो कमी होऊ देत नाही.

सेकंदाला साडेपाचशे रिक्वेस्ट आणि एकही एरर नाही, हे वाचल्यावर मला दुसरीच शंका आली, आणि ती तुम्ही आजच तपासून घ्या. थ्रेडची संख्या एक करा, स्क्रिप्ट चालवा आणि जेमीटरच्या व्ह्यू रिझल्ट्स ट्री या यादीमध्ये फी भरण्याच्या रिक्वेस्टवर क्लिक करून रिस्पॉन्स डेटा उघडा. तिथे खरोखर फीचं पान आहे का? की लॉगिनचं? सेशन टोकन (लॉगिन झालेल्याला ओळखायला सर्व्हर देतो तो तात्पुरता कोड) किंवा फॉर्ममधलं लपलेलं टोकन स्क्रिप्टमध्ये रेकॉर्डिंगच्या वेळचं तसंच राहून गेलं असेल, तर सर्व्हर प्रत्येक रिक्वेस्ट लॉगिन पानाकडे वळवतो. जेमीटर त्या वळणावरून मुकाट पुढे जातो, लॉगिनचं पान २०० कोडसह, म्हणजे "सगळं ठीक" या खुणेसह, मिळतं, आणि रिपोर्ट हिरवा होतो. लॉगिन पान हलकं असतं, त्यामुळे वेळही छान दिसते. नव्याने लोड टेस्ट शिकणाऱ्यांच्या स्क्रिप्टमध्ये मला सगळ्यात जास्त दिसणारी गोष्ट हीच. उपाय सोपा आहे: प्रत्येक महत्त्वाच्या रिक्वेस्टला रिस्पॉन्स असर्शन, म्हणजे आलेल्या उत्तराची तपासणी, लावा. पानावर त्या विद्यार्थ्याचा अर्ज क्रमांक दिसला पाहिजे, नाहीतर रिक्वेस्ट फेल धरायची.

इथे तुमचं फंक्शनलचं ज्ञान थेट कामाला येतं. बरोबर उत्तर कसं दिसतं हे तुम्हाला माहीत आहे. ते न तपासता घेतलेली वेगाची मोजणी माझ्या लेखी रद्द. चुकीचं उत्तर लवकर देणं कुठल्याही सर्व्हरला जमतं.

फंक्शनलमध्ये सगळं पास होऊनही गर्दीत कसं मोडतं, याचं एक उदाहरण जवळून दाखवते. तुमचं ॲप जावाचं असेल आणि स्प्रिंग बूट हे फ्रेमवर्क वापरत असेल, तर डेटाबेसची कनेक्शन्स सांभाळायला हिकारी नावाचा पूल, म्हणजे सगळ्यांनी वाटून वापरायचा कनेक्शन्सचा साठा, असतो. कुणी सेटिंग बदललं नसेल तर त्यात जास्तीत जास्त १० कनेक्शन्स असतात. आता समजा, डेव्हलपरने फी भरण्याच्या कोडमध्ये डेटाबेस ट्रान्झॅक्शन उघडली (ती बंद होईपर्यंत एक कनेक्शन अडकून राहतं), तिच्या आतूनच पेमेंट गेटवेला, म्हणजे पैसे घेणाऱ्या बाहेरच्या सेवेला, कॉल केला, उत्तर आल्यावर नोंद केली आणि ट्रान्झॅक्शन बंद केली. गेटवे २ सेकंदांत उत्तर देतो. तुम्ही एकट्याने टेस्ट करता: फी गेली, पावती आली, पास. यात तुमचं काहीच चुकलेलं नाही.

गर्दीच्या तासात ६,००० जण फी भरतात, म्हणजे सेकंदाला १.७ च्या आसपास. प्रत्येक जण २ सेकंद कनेक्शन अडवतो, म्हणजे सरासरी तीन-चार कनेक्शन्स कायम गुंतलेली. चालून जातं. पण शेवटच्या दिवशी संध्याकाळी गेटवे स्वतःच मंदावतो आणि २ ऐवजी ८ सेकंद घेऊ लागतो. आता १.७ गुणिले ८ म्हणजे १३ च्या वर कनेक्शन्स लागणार, आणि आहेत १०. रांग लागते आणि वाढतच जाते. गंमत म्हणजे पूल सगळ्यांचा एकच असल्यामुळे "माझा अर्ज पाहा" हे साधं पानसुद्धा त्याच रांगेत अडकतं. ३० सेकंद वाट बघून हिकारी एरर फेकतो. हेल्पडेस्कला तक्रार येते "अर्ज उघडत नाही", आणि टीम अर्जाच्या पानात बग शोधत बसते. तिथे बग नाहीच. गेटवेचा कॉल ट्रान्झॅक्शनच्या बाहेर काढणं हा खरा उपाय. पूलचा आकडा १० चा ५० केला तर त्रास थोडा पुढे ढकलला जातो, आणि सगळ्या सर्व्हरची कनेक्शन्स मिळून डेटाबेसची मर्यादा ओलांडण्याची भीती वाढते. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये ती मर्यादा मुळात १०० असते.

आणि याच्या उलट प्रकार: बग फंक्शनल, पण गर्दीतच दिसणारा. पावती क्रमांक बघा. डेव्हलपरने "टेबलमधला सगळ्यात मोठा क्रमांक घ्या, त्यात एक मिळवा" असं लिहिलं असेल, तर तुमच्या हातून १००१ नंतर १००२, मग १००३ अगदी बरोबर येणार. दोन विद्यार्थ्यांची फी एकाच क्षणी आली की दोघांचे व्यवहार १००३ वाचतात आणि दोघांनाही १००४ ची पावती जाते. वेळ उत्तम, कोड २००, ग्राफवर काहीच दिसत नाही. म्हणून प्रत्येक लोड रननंतर मी डेटाबेसवर काही क्वेरी चालवतेच. फी भरल्याच्या नोंदी किती, वेगवेगळे पावती क्रमांक किती, पैसे कापले गेले पण अर्ज "प्रलंबित" राहिला असे किती, भरलेल्या जागा मंजूर जागांपेक्षा जास्त तर नाहीत. हे आकडे जुळले नाहीत तर तो रन माझ्यासाठी फेल, वेळ कितीही छान असो. हा बग फंक्शनल टीमचा की परफॉर्मन्स टीमचा, यावर वाद घालणाऱ्या टीम मी पाहिल्यात. ज्याला सापडला त्याने नोंदवावा, एवढं सरळ आहे.

दोन्ही बाजू एकाच वेळी कोसळल्याचं गाजलेलं उदाहरण म्हणजे अमेरिकेतली आरोग्य विम्याची सरकारी साइट, हेल्थकेअर डॉट गव्ह. १ ऑक्टोबर २०१३ ला ती सुरू झाली आणि पहिल्या दिवशी फक्त ६ जणांची नोंदणी पूर्ण झाली. एका वेळी ५०-६० हजार लोक येतील असं धरलं होतं, आले अडीच लाखांच्या घरात. खातं उघडण्याच्या पायरीवरच सगळे अडकले. पण त्याबरोबर दुसरीही गोष्ट झाली. जे लोक कसेबसे पार पडले, त्यांची माहिती विमा कंपन्यांकडे चुकीची, अर्धवट किंवा दुबार जात होती. तो सरळ फंक्शनल दोष होता. नुसते सर्व्हर वाढवून तो गेला नसता, आणि नुसती माहिती दुरुस्त करून रांग हटली नसती.

आपल्याकडचं उदाहरण महाराष्ट्र बोर्डाच्या दहावीच्या निकालाचं. १६ जुलै २०२१ ला दुपारी १ वाजता निकाल जाहीर झाला, १५ लाखांहून अधिक विद्यार्थी आणि त्यांचे पालक एकदम साइटवर आले आणि ती कित्येक तास उघडेना. निकालाचं पान काम म्हणून बघितलं तर किती साधं: बैठक क्रमांक टाका, आईचं नाव टाका, गुण दिसतात. एवढी सोपी गोष्टसुद्धा एकाच मिनिटाला लाखोंनी मागितली की वेगळीच होऊन बसते. तुमच्याकडेही गर्दी दोन तऱ्हांची असेल. शेवटच्या तारखेची गर्दी दिवसभर चढत जाते. गुणवत्ता यादी लागते त्या मिनिटाची गर्दी मात्र शून्यातून एकदम उसळते. दोन्हींसाठी वेगळा रन करा. पहिल्यासाठी लोड अर्ध्या-पाऊण तासात हळूहळू चढवा, दुसऱ्यासाठी मिनिटाभरात. लोड, स्ट्रेस, स्पाइक, सोक ही टेस्टच्या प्रकारांची नावं पाठ असण्यापेक्षा आपली गर्दी कशी येते ते माहीत असणं जास्त कामाचं. सोक, म्हणजे रात्रभर मध्यम लोडवर चालू ठेवणं, एकदा तरी कराच. मेमरी गळती आणि लॉगने भरलेली डिस्क त्यातच सापडते.

सरासरीबद्दलही सांगायला हवं. शंभरातल्या ९५ जणांना ०.३ सेकंदांत उत्तर मिळालं आणि ५ जणांना २० सेकंद लागले, तर सरासरी येते सव्वा सेकंदाच्या आसपास. ऐकायला चांगली. पण ६,००० मध्ये ते ५ टक्के म्हणजे ३०० विद्यार्थी, आणि बऱ्याचदा ते नेमके फी भरणारेच असतात, कारण तेच पान सगळ्यात जड असतं. म्हणून रिपोर्टमध्ये ९५ आणि ९९ पर्सेंटाइल द्या, म्हणजे शंभरातल्या ९५ किंवा ९९ रिक्वेस्टना जास्तीत जास्त किती वेळ लागला तो आकडा, आणि प्रत्येक पानाचा वेगळा. सगळ्या पानांचा मिळून एकच आकडा काही सांगत नाही.

आता "आधी कुठलं" याचं उत्तर. पूर्ण साइटचा मोठा लोड रन फंक्शनल स्थिर झाल्यावरच करा. रोज बदलणाऱ्या बिल्डवर स्क्रिप्ट तुटत राहतात आणि मोजलेले आकडे दुसऱ्या दिवशी जुने होतात. पण परफॉर्मन्सचे आकडे ठरवणं आणि एकेका एपीआयची (पान सर्व्हरकडून माहिती मागतं त्या कॉलची) वेळ बघणं हे पहिल्या दिवसापासून चालू शकतं. फंक्शनल टेस्ट करतानाच ब्राउझरच्या नेटवर्क टॅबवर नजर ठेवा. अर्जांची यादी उघडायला ४० नोंदींवर २ सेकंद लागत असतील, तर ४ लाख नोंदींवर काय होईल ते सांगायला लोड टेस्टची गरज नाही. टेस्ट डेटाबेसमध्ये खऱ्या प्रमाणात डेटा भरून घ्या. इंडेक्स (नोंदी पटकन शोधायची डेटाबेसची सूची) नसलेली क्वेरी छोट्या टेबलवर सहसा पकडली जात नाही.

यातलं बरंच काही परिस्थितीवर अवलंबून आहे, हेही खरं. हेच ॲप चाळीस कर्मचाऱ्यांच्या ऑफिसमध्ये वापरायचं असतं, तर मी म्हटलं असतं की भरपूर डेटा टाकून एकेका पानाची वेळ बघा आणि बाकीचा सगळा वेळ फंक्शनलला द्या. फीच्या सवलतीचे नियम गुंतागुंतीचे असतील आणि त्यात शंका उरली असेल, तर आधी तेच पक्कं करा. हळू चालणारी साइट दोन दिवसांत सावरता येते, पण चुकीची फी घेतलेल्या हजारो विद्यार्थ्यांचे पैसे परत करणं महिनोन्‌महिने चालतं. टेस्टचा सर्व्हर प्रॉडक्शनपेक्षा लहान असेल तर त्यावरचे आकडे दुपटी-चौपटीने वाढवून प्रॉडक्शनचा अंदाज बांधू नका. तिथे अडथळे शोधा, क्षमता मोजायची ती प्रॉडक्शनसारख्या सर्व्हरवरच.

तुमच्या जागी असते तर तीन आठवडे असे वापरले असते. पहिल्या आठवड्यात प्रवेश विभागाकडून आकडे आणून मॅनेजरकडून मेलवर मंजूर करून घेतले असते आणि लॉगिन, अर्ज सबमिट, अपलोड, फी एवढ्याच वाटांच्या स्क्रिप्ट असर्शनसकट तयार केल्या असत्या. प्रत्येक व्हर्च्युअल युजरला वेगळं लॉगिन द्या, नाहीतर सगळं कॅशमधून, म्हणजे आधीच्या साठवलेल्या उत्तरातून, येतं. पेमेंट गेटवेच्या सँडबॉक्सवर (चाचणीसाठी दिलेल्या त्यांच्या सर्व्हरवर) परवानगीशिवाय लोड टाकू नका, ओटीपीच्या एसएमएसवरही नाही. डेव्हलपरला सांगून त्यांच्या जागी एक नकली सर्व्हिस उभी करा आणि तिला २ सेकंद, मग ८ सेकंद उशीर लावून बघा. वर सांगितलेला पूलचा प्रकार तुमच्याकडे असेल तर तिथेच उघडा पडेल. दुसरा आठवडा रन आणि दुरुस्तीचा. रन कमांड लाइनवरून करा. ग्राफिकल मोड फक्त स्क्रिप्ट बनवण्यासाठी आहे, हे जेमीटर स्वतःच सुरू होताना सांगतो. लॅपटॉप आणि ऑफिसच्या वायफायवरून केलेला रन कित्येकदा वायफायचीच मोजणी करतो, म्हणून लोड टाकणारं मशीन वेगळं, सर्व्हरच्या जवळच्या नेटवर्कवर घ्या. रन चालू असताना सर्व्हरचा सीपीयू, मेमरी, कनेक्शन पूल आणि स्लो क्वेरी लॉग कुणीतरी बघत बसायला हवं, शक्यतो ज्याने कोड लिहिला तोच. तिसऱ्या आठवड्यात दुरुस्त केलेल्या बिल्डवर फंक्शनल रिग्रेशन, म्हणजे आधी चालणारं काही मोडलं नाही ना याची तपासणी, पुन्हा करा, कारण वेगासाठी टाकलेलं कॅशिंग एकाचा अर्ज दुसऱ्याला दाखवू शकतं. मग शेवटचा लोड रन.

मॅनेजरना द्यायचा रिपोर्ट तीन-चार वाक्यांचा असला तरी चालेल, पण त्यात हे असावं: तासाला ६,००० विद्यार्थ्यांपर्यंत फीच्या पानाचा ९५ पर्सेंटाइल ठरलेल्या मर्यादेत राहतो की नाही, रननंतर पावत्या आणि पैसे जुळले की नाही, गर्दी त्यापुढे वाढत गेली तर आधी काय अडतं, कितीला अडतं, आणि तसं झालं तर त्या संध्याकाळी कुणाला फोन करायचा.